बापाची बारी

माझ्या नोकरीत मी शेकड्यांनी पालकांना मार्गदर्शन केलं आणि त्यांतल्या एकानंही ते ऐकलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पूर्वी याचा मला फार राग यायचा. आता वय झालं, आणि त्यांनी ऐकलं असतं तर काय काय घोटाळे झाले असते ते दिसायला लागलं.

मी तर्कशास्त्र शिकवायची. सत्तरच्या दशकात अकरावी-बारावीची नवी पद्धत आली आणि ज्युनिअर कॉलेजं निघाली, त्या धांदलीत मला नोकरी लागली. तर्कशास्त्र घेणारी मुलं थोडी, म्हणून माझे तास थोडे, म्हणून मी रिकामी, असा सरळ तर्क लढवून आमच्या प्राचार्यांनी माझ्या गळ्यात 'पालक मार्गदर्शन' अडकवलं. तर्कात चूक नव्हती, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

माझं माहेर सांगलीचं. पहिली दोन वर्षं कवठे महांकाळकडे होते, मग लग्न होऊन साताऱ्याला आले आणि कोरेगावच्या बाजूच्या एका कॉलेजात रुजू झाले. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. दोन्हीकडचे पालक सारखेच होते. फरक एवढाच की, कवठ्याकडचे पालक आधी आभाळाकडे बघून मग माझ्याकडे बघत आणि कोरेगावकडचे घड्याळाकडे, कारण उसाला पाणी सोडून आलेले असत.

या कामात काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. मुलगा दहावी झाला की कला, वाणिज्य, विज्ञान यांतली शाखा कोणती घ्यायची ते बापाला समजावायचं. हजेरी कमी पडली तर बापाला बोलावून सांगायचं. फॉर्मवर बापाची सही घ्यायची. कागदावर हे सोपं आहे. पण त्या काळच्या बापाला मुळात अकरावीच पटत नव्हती. जुन्या पद्धतीत अकरावी म्हणजे मॅट्रिक. आता दहावीलाच मॅट्रिक. एक गृहस्थ तावातावानं माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, पोरगं मॅट्रिक पास झालं का न्हाई?"

"झालं की. चांगले गुण आहेत."

"मग परत अकरावीत कशापायी बसवताय? मी सवता अकरावी पास झालो तवा मॅट्रिक झालो. ह्यो मॅट्रिक होऊन अकरावीत चाललाय. म्हंजी ह्याला नापास केला का आमाला येड्यात काढताय?"

मी फळ्यावर जुनी पद्धत, नवी पद्धत, सगळं काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी यत्ता तीच, पन मान ग्येला." याहून नेमकं वर्णन त्या बदलाचं मी नंतर कुठंही वाचलं नाही.

कवठ्याच्या एका पालकाला मी तिन्ही शाखांची माहिती अर्धा तास दिली. विज्ञानाला खर्च जास्त, शिकवणी लागते, प्रयोग असतात; वाणिज्याला हिशेब; कलेला वाचन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढून डोकं खाजवत विचारलं, "ह्या तिन्हीत कमी पान्यावर येनारं कंचं?"

मी म्हटलं, "कला."

"मंग तेच लावा," म्हणाले आणि उठले. त्या मुलाचं पुढे चांगलं झालं.

मी स्वतः बसून 'पालकांसाठी सूचना' असा एक कागद तयार केला होता. सायक्लोस्टाईल करून वाटला. पहिली सूचना होती, 'पाल्यास अभ्यासासाठी स्वतंत्र खोली द्यावी.' मी शहरात वाढलेली. हे वाचून एका बापानं गंभीरपणे विचारलं होतं, "सवतंत्र खोली आमच्यात म्हशीला हाय. तिला भाईर काढू का ह्याला आत बसवू?"  पुढच्या वर्षी मी ती सूचना गाळली.

पण एक नियम मात्र मी केला आणि त्याचा मला फार अभिमान होता. झालं असं, की मुलं बापाच्या सह्या स्वतःच ठोकत. एकानं तर इंग्रजीत झोकदार सही आणली. पुढच्याच आठवड्यात वडील आले आणि मी रजिस्टर पुढं केलं, तर त्यांनी डावा अंगठा वर केला आणि शाई मागितली. त्या दिवशी मी प्राचार्यांकडून मंजुरी घेऊन सूचनाफलकावर लावलं: प्रवेशअर्जावर पालकाची सही कॉलेजात, मार्गदर्शक शिक्षिकेच्या समक्ष झाली पाहिजे, अन्यथा अर्ज रद्द. मला वाटलं, आता पळवाट उरली नाही. याच नियमानं पुढं मला रडकुंडीला आणलं.

त्याच सुमारास दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकदिन ठेवायचं ठरलं. आजूबाजूच्या गावांतून पालक यावेत, मुलांची हजेरी, प्रगती ऐकावी, सही करून जावं. पहिला पालकदिन डिसेंबरात झाला. एका गावचे पालक म्हणून एक गृहस्थ आले. त्या गावात आजही माझ्या ओळखी आहेत, म्हणून त्याला आपण वरचीवाडी म्हणू. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर विणलेली टोपी, खांद्यावर बांगड्यांचं मोठं गाठोडं. ते त्यांनी दाराशी जपून उतरवलं आणि समोर बसले. हे हसनभाई मणेर. वरचीवाडी आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकांना बांगड्या भरणं हा त्यांचा धंदा. त्यांचा शौकत आमच्याकडे अकरावीला होता, वर्गात पहिल्या दोघांत. मी त्याची प्रगती सांगितली, सही घेतली आणि पुढचं नाव पुकारलं, "मारुती जाधव यांचे पालक!"

"बोला," हसनभाई जागचे हलले नाहीत.

मला वाटलं, जाधवांचा निरोप घेऊन आले असतील. सांगितलं. त्यांनी सही केली. सही उर्दूत, उजवीकडून डावीकडे. पुढचं नाव पुकारलं, "सर्जेराव जाधव यांचे पालक!"

"बोला."

"हाही तुमचाच?"

"व्हय."

चौथं नाव शालन जाधव. पाचवं, सहावं. प्रत्येकाला "बोला". मी पेन खाली ठेवलं.

"हसनभाई, तुम्हाला मुलं किती?"

"येकच की. शौकत."

"मग हे सगळे?"

"आज बारी माझी हाय," ते म्हणाले. एवढं सांगितल्यावर मला कळायला हवं होतं असा त्यांचा चेहरा होता.

त्यांनी मग मला समजावून दिलं, जसं मी इतरांना अकरावी समजावते तसं. वरचीवाडीत विहिरी सामायिक. एका विहिरीवर पाच-सहा घरांचा हक्क. रोज सगळ्यांनी विहिरीवर जाऊन उपयोग नसतो, म्हणून बारी लावलेली असते, म्हणजे पाळी. ज्याची बारी असेल त्यानं इंजिन बघायचं, पाट बघायचा, आणि त्या दिवशी त्याचं कुणी मोडायचं नाही. आता वरचीवाडीची नऊ मुलं कॉलेजात, घरं पाच. पाच माणसांनी दिवस मोडून कॉलेजात येऊन बसायचं म्हणजे पाच जणांची कामं बुडणार. म्हणून गावानं बापाचीही बारी लावली. ज्याची बारी, तो त्या महिन्यात नवांचा बाप.

"आनि घरचे?" मी विचारलं.

"घरचं काय बोलत न्हाईत. बारी म्हंजी बारी."

मी तडक प्राचार्यांकडे गेले. हा नियमाचा सरळ भंग आहे, पालक ही व्यक्ती असते, ती पाळीनं बदलत नाही, असं बरंच काही बोलले. प्राचार्य स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. ते आधी हसले, मग म्हणाले, "बाई, नऊ बापांना बोलवाल तर एकही यायचा नाही. हा एक येतोय तो नवांचा होऊन येतोय. येऊ द्या."

मी हरले, पण हार मानायची माझी वृत्ती नाही. येऊ द्यायचं तर चोख येऊ द्यायचं. मी वेगळं रजिस्टर घातलं आणि प्रत्येक पानावर माझ्या हातानं एक वाक्य लिहिलं: 'खाली सही करणारा मी, आजच्या दिवसापुरता, यादीतील सर्व विद्यार्थ्यांचा पालक असून, त्यांच्या शिक्षणाबद्दल आज मी घेतलेला निर्णय त्यांच्या घरच्यांना मान्य राहील.' हे वाक्य मी तीन वेळा खोडून लिहिलं होतं. तर्कशास्त्राच्या बाईनं केलेलं वाक्य, त्यात फट राहून कसं चालेल? हसनभाईंच्या हाती ते गावाकडे पाठवलं. पाचही घरांनी मान्य असल्याचं कळवलं.

जानेवारीत बारी होती तात्यांची. बाजीराव तात्या जाधव म्हणजे वरचीवाडीतलं मोठं प्रस्थ. मोठा ऊस, मोठा आवाज, मोठा फेटा. त्यांचे दोन मुलगे आमच्याकडे होते आणि पुतणीही होती, शालन. शालनचे वडील आनंदराव सैन्यात हवालदार, दूर सीमेवर. वर्षातून एकदा सुट्टीवर येत. घर एकत्र, त्यामुळे घराचा कारभार आणि घराची बारी तात्यांकडे.

तात्यांनी आल्या आल्या नऊ मुलांना व्हरांड्यात ओळीनं उभं केलं. प्रत्येकाचे गुण ऐकून प्रत्येकाला एकेक शिवी दिली. शिवी गुणांच्या प्रमाणात होती, त्यामुळे मला त्यात पक्षपात दिसला नाही. शौकतचं नाव आल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"हसननं अर्ज दिलाय. पोराचं नाव काढायचं म्हंतोय. गुडघं दुखत्यात, गाठोडं उचलत न्हाई, पोरगं हाताखाली पायजे म्हनून."

मी अर्जासाठी हात पुढं केला. तात्यांनी तो माझ्यासमोर फाडला. मग शौकतच्या पाठीत एक दणका घातला. "फुडल्या वर्गात पैला येनारं पोरगं, आनि बांगड्या वाहनार व्हय रं? शीक मुकाट्यानं!" मुलाचा यात काही गुन्हा नव्हता, पण दणका त्यानं आनंदानं खाल्ला. तात्या माझ्याकडे वळले, "न्हाई काढायचं नाव. बारी माझी हाय." आणि माझ्या त्या बिनफटीच्या वाक्याखाली फराटेदार सही करून गेले.

मी घाबरले होते. बापाचा अर्ज दुसऱ्यानं फाडला! पण हसनभाईंकडून शब्द आला नाही. महिन्याभरानं कोरेगावच्या स्टँडवर भेटले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "बारी तात्यांची व्हती. काय बोलनार?" आणि गाठोडं उचलून लंगडत एसटीत चढले. खरं सांगायचं तर त्या दिवशी तात्यांबद्दल मला आदर वाटला आणि तो मी आजवर परत घेतलेला नाही.

मग जून आला. बारावीचे प्रवेश सुरू झाले. वरचीवाडीची आठ मुलं अर्ज घेऊन आली. शालनचा अर्ज नव्हता. शालन म्हणजे माझी तर्कशास्त्रातली एकमेव विद्यार्थिनी, जी माझ्याच उदाहरणातली चूक काढून मला दाखवायची. मी मुलांना विचारलं, तर कळलं की लोणंदला रेल्वेत नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलंय. तात्यांनी ठरवलंय, आता शिक्षण बास.

मी तात्यांना निरोप धाडला. ते एसटी स्टँडवरच मला भेटले आणि त्यांनी बाजू मांडली. बाजू पक्की होती.

"बाई, पोरगा मॅट्रिक हाय. पोरगी अकरावी झाली, हीच आदी येक यत्ता वर ग्येली. बारावी झाली तर ह्यो न्हाई म्हननार. मंग तिला पंधरावी झाल्याला नवरा कुठनं आनू? आनि मी नको म्हनत न्हाई हां. तुमचाच नियम हाय, पालकानं सवता येऊन सही करायची. मी तिच्यापायी येनार न्हाई. झालं."

झालं. माझ्याच नियमाचं कुलूप लावून ते मोकळे झाले. आनंदरावांना पत्र टाकलं, पण ते सीमेवर पोचून उत्तर यायला महिना लागणार आणि प्रवेशाची मुदत शनिवारी संपणार. शालनची आई एकदा बाजाराला आली तेव्हा मी तिला गाठलं. म्हटलं, तुम्हीही पालकच आहात, अंगठा उठवला तरी चालेल.  पदर बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला त्येच घरात ऱ्हायाचंय, बाई." यावर मी तिला काय मार्गदर्शन करणार होते? चार दिवस मी त्या सूचनाफलकासमोरून जाताना मान खाली घालून जायची. स्वतःचा नियम स्वतःच मोडावा, तर उद्या प्रत्येक मुलगा इंग्रजी सही घेऊन येणार. न मोडावा, तर ही पोर जाणार. मला माझ्या हुशारीचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

शनिवार उजाडला. पहिला शनिवार असल्यामुळे पालकदिनही होता. मेच्या सुट्टीत पालकदिन झाला नव्हता, त्यामुळे वरचीवाडीची बारी फिरून पुन्हा हसनभाईंवर आली होती. ते आले, गाठोडं उतरवलं, सगळ्यांची प्रगती ऐकली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. शालनचा बारावीचा प्रवेशअर्ज. तिच्याच अक्षरात, सगळा भरलेला. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी.

"हा तुमच्याकडे कसा?"

"काल त्यांच्या घरी बोलावनं आलं. लोनंदचं पावनं पोरगी बघाया येनार, नव्या बांगड्या भरा म्हनून. मी बसलो. पोरीला म्हनलं, हात दे." ते थांबले. "जनमल्यापास्नं मी तिला बांगड्या भरतोय बाई. पैल्यांदा भरल्या तवा हात माझ्या अंगठ्याएवडा व्हता. काल तिनं हात फुडं केलाच न्हाई. ह्यो कागद फुडं केला. म्हनली, चाचा, उद्या बारी तुमची हाय न्हवं?"

 मग माझ्यातली नियमवाली बाई बोललीच, "हसनभाई, बारी पालकदिनाची. हा प्रवेशाचा अर्ज आहे."

"रजिस्टर काढा," ते म्हणाले. मी काढलं. "त्ये वर लिवलंय त्ये वाचा. मला मराठी वाचाया येत न्हाई, पन शौकतनं मला वाचून दावलंय."

मी वाचलं. 'यादीतील सर्व विद्यार्थ्यांचा पालक असून, त्यांच्या शिक्षणाबद्दल आज मी घेतलेला निर्णय त्यांच्या घरच्यांना मान्य राहील.' खरोखरच फट नव्हती. मी अर्ज सरकवला. पालकानं स्वतः, माझ्या समक्ष, कॉलेजात, उजवीकडून डावीकडे सही केली. कारकुनानं शिक्का मारला.

सोमवारी तात्या आले. एकटे नाही, हसनभाईंना दंडाला धरून घेऊन आले. प्राचार्य नेमके पुण्याला गेलेले.

"बाई," आवाज इतका मोठा की शेजारचा वर्ग गप्प झाला, "माज्या पुतनीचा बाप कोन?"

मी रजिस्टर उघडलं. "शनिवारी हे होते."

"ह्यो? ह्यो बांगड्या भरनारा?"

हसनभाईंनी दंड सोडवून घेतला नाही. हळूच म्हणाले, "तात्या, जानेवारीत माज्या शौकतचा बाप कोन व्हता?"

तात्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघू लागले.

"मी अर्ज दिला व्हता. गुडघं माजं दुखत व्हतं, तुमचं न्हवं. तुमी फाडला. वर पोराला हानला. मी तुमच्या दारात आलो का भांडाया? गप बसलो. का? तर त्या दिशी बाप तुमी व्हता. परवा मी व्हतो."

"पोराचं येगळं, पोरीचं येगळं."

"मंग यादीत तिचं नाव घालाया नगं व्हतं. तुमीच सांगितलं, आमच्या घरची तीन लिवा म्हनून."

मी तर्कशास्त्राची बाई. दोन दिवस बसून मी सात मुद्दे काढले होते. त्यांतला एकही काढायची वेळ आली नाही. तात्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, पानं उलटली, जानेवारीतली आपली फराटेदार सही बघितली.  दंडावरची पकड सुटली.

"फुडली बारी कुनाची?" त्यांनी मला विचारलं.

मी यादीवरून बोट खाली नेलं. "तुमची."

"बरं," तात्या म्हणाले आणि फेटा सारखा करून निघून गेले.

तो जून महिना मी कसा काढला ते मला माहीत. शालन रोज येत होती, पहिल्या बाकावर बसत होती. मी शिकवायची आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे जायचं. नव्या बांगड्या नव्हत्या. पण जुलैच्या पहिल्या शनिवारी तात्या बाप होणार होते, कायदेशीर, माझ्या वाक्यासकट. बापानं नाव काढतो म्हटलं तर मी काय करणार? मी पालकदिन पुढं ढकलायचा घाट घातला. मला ताप आलाय असं सांगावं असंही ठरवून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुमचा तो रामबाण नियम आहे ना, मग भिता कशाला?" त्यांना मी त्या दिवशी माफ केलं नाही.

जुलैचा शनिवार. तात्या आले. नऊ जण ओळीनं उभे. गुण, हजेरी, शिव्या, सगळं यथास्थित झालं. शेवटचं नाव शालनचं. मी चाचणीतले गुण सांगितले, वर्गात पहिली. तात्यांनी तिला शिवी दिली नाही.  पेन उचललं आणि सही करायला वाकले, तेव्हा माझ्याकडे लक्ष गेलं. माझा चेहरा बहुधा बघण्यासारखा झाला असावा.

"काय बाई, घाबरलासा?"

"नाही, म्हणजे... बारी तुमची..."

"म्हनून काय?" तात्या खरोखरच चिडले. "दुसऱ्यानं पानी पाजल्यालं पीक, आपली बारी आली म्हनून कुनी वाळवतं व्हय? काय मानसं हाईत का कोन आमी?"

सही करून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "लोनंदवाल्यास्नी सांगितलंय, पोरीचा बाप सुट्टीवर आल्यावर बघू. आनि बाई, तेवडी ती शिवी ऱ्हायली तिची, फुडल्या बारीला देतो." शालन व्हरांड्यातच उभी होती. ती हसली आणि लगेच तोंड फिरवलं.

माझ्या हातून एक गोष्ट राहून गेली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही.

दिवाळीनंतरच्या पालकदिनाला, नोव्हेंबरात, बारी हसनभाईंची होती. ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक जण होता. साधेच कपडे, पण बूट आरशासारखे आणि पाठ भिंतीला टेकवून काढल्यासारखी ताठ. हे हवालदार आनंदराव जाधव, शालनचे वडील. सुट्टीवर आले होते. माझं पत्र त्यांना मिळालं होतं, पण सगळं उरकून गेल्यावर. मी घाईघाईनं त्यांना वर्षभराचं सांगायला लागले. प्रवेश कसा झाला, गुण किती, कुणी सह्या केल्या. त्यांनी रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटत गेले. प्रत्येक पानावर त्यांच्या मुलीचं नाव आणि खाली दुसऱ्याच कुणाची तरी सही. जानेवारीत भावाची. जूनमध्ये उर्दूत. मला वाटलं, यांना राग येणार. बापानं का चिडू नये? मी मनात समर्थनाची जुळवाजुळव करायला लागले.

त्यांनी रजिस्टर मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि विचारलं, "बाई, माजी बारी कवा?"

मी यादी बघितली. यादीत पाच घरं होती. त्यांच्या घराची बारी तात्यांच्या नावावर. वर्षभर मी इतकी चोख, बिनफटीची व्यवस्था लावली होती, आणि त्यात त्यांचं नाव घालायचं मला सुचलंच नव्हतं. 

हसनभाई उठले. विहिरीवर असंही चालतं, एखाद्याला नड असली की आपली बारी त्याला द्यायची. "घ्या आनंदराव," ते म्हणाले, "आज माजी तुमाला दिली." आणि खुर्ची सोडून दाराशी गाठोड्याजवळ जाऊन बसले.

आनंदराव खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी माझं ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. व्हरांड्यात नऊ मुलं उभी होती. त्यांनी एकेकाला पुढं बोलावलं, गुण विचारले, छाती पुढं काढायला लावली, शौकतच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावायला लावलं. आठ जण झाले. मग शालन पुढं आली आणि ताठ उभी राहिली.

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. काहीतरी विचारायचं होतं, गुण, हजेरी, काहीही. जमलं नाही. ते टेबलाकडे वळले, पेन घेतलं आणि सही केली. मग माझ्याकडे रजिस्टर सरकवत म्हणाले, "बाई, नीट बघा. जागेवर झाली न्हवं?"